विदर्भातलं जुनं घर नीट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावचं घर नीट करायचं हे भावंडं दिवाळीत जमली की ठरतं, आणि कामाला हात लागेपर्यंत माघ उजाडतो. मधल्या काळात पडणारे प्रश्न वर्धा असो की वाशीम, बहुतेक सारखेच असतात. खालची उत्तरं मातीच्या, दगड-मातीच्या किंवा जुन्या विटांच्या भिंती, सागाचे खांब-मयाल (तुळया) आणि वर कवेलू (देशी कौलं), टिना किंवा धाबं (मातीचं सपाट छप्पर) अशा घरांसाठी आहेत. स्लॅबच्या घराला यातलं बरंच लागू पडत नाही.

सुरुवात कोणत्या खोलीपासून करावी?

खोलीपासून नाही, छपरापासून. आधी वरून येणारं पाणी थांबवा, मग घराभोवती साचणारं पाणी बाहेर काढा, मग लाकूड आणि वीज बघा, त्यानंतर भिंती आणि जमीन. रंग सगळ्यांत शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम उलटतो, कारण लग्न ठरलेलं असतं आणि पाहुण्यांना भिंती दिसतात, छप्पर दिसत नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्या रंगाचे पोपडे निघतात आणि घरातली माणसं म्हणतात की जुनं घर आहे, पैसा घालून उपयोग नाही. घराचा दोष नसतो, क्रमाचा असतो. लग्न अगदी तोंडावर असेल तर ओसरीला आणि बैठकीला चुना मारून घ्या आणि बाकीचे पैसे छपरासाठी राखून ठेवा.

कोणता महिना धरावा?

मातीकाम आणि चुन्याचं काम पौष-माघात. ऊन कोवळं असतं, गिलावा हळू सुकतो. वैशाखात 45 अंशांच्या उन्हात चुना धड पकडायच्या आतच कोरडा पडतो आणि भिंतभर बारीक तडे जातात. कवेलू फेरणी (कवेलू काढून पुन्हा नीट रचणं) मात्र उन्हाळ्यातच, मृग लागायच्या आत. पाऊस आपल्याकडे साधारण जूनच्या मध्याला स्थिरावतो, पण वादळं मे महिन्यातच येतात, म्हणून फेरणी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असताना गावात माणसं मिळत नाहीत. मिस्त्रीला दिवाळीआधीच सांगून ठेवलेलं बरं.

मिस्त्री म्हणतो, जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा मारू, कायमचं काम होईल. करू का?

नका करू. जुन्या घराचं सर्वांत जास्त नुकसान आज याच एका कामानं होत आहे.

मातीची भिंत पायातून थोडी ओल वर ओढते आणि दोन्ही अंगांनी हवेत सोडून देते. वर्षानुवर्षं हे चालू असतं म्हणून भिंत उभी राहते. सिमेंटचा थर लावला की ही वाट बंद होते. ओल आतच राहते, वर चढत जाते, आणि कमरेएवढ्या उंचीवर लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) फुटू लागतो. सिमेंटच्या मागची माती मऊ पडते. सिमेंट मातीला धरत नाही, ते जाळीला आणि खिळ्यांना लटकलेलं असतं. बोटानं वाजवून बघा, पोकळ आवाज येईल. त्या अंधाऱ्या फटीत उधई (वाळवी) शांतपणे वर जाते. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते, आणि एका पावसाळ्यात गिलाव्याचा पत्राच्या पत्रा मातीसकट खाली येतो.

मातीच्या भिंतीवर मातीचा गिलावा किंवा चुन्याचा गिलावा, एवढे दोनच थर शोभतात आणि टिकतात. चुन्याला एक भाग चुना, तीन भाग चाळलेली रेती असं प्रमाण धरा. चुनकळी विझवून निदान दोन आठवडे पाण्याखाली भिजत ठेवा. विझवताना ती उकळते, अंगावर उडाली तर भाजतं आणि डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो; मुलांना लांब ठेवा आणि नेहमी पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. वणी-राजूर पट्ट्यात चुन्याचा दगड आहे, तिथल्या भट्टीचा ताजा चुना मिळाला तर पिशवीतल्या जुनाट भुकटीपेक्षा कितीतरी चांगला.

सिमेंट आधीच मारून झालं असेल तर एका दमात सगळं फोडू नका. हिवाळ्यात खालचा तीन फुटांचा पट्टा आधी काढा, भिंतीला एक उन्हाळा सुकू द्या, मग चुना लावा. सिमेंटला जागा आहेच: न्हाणीघर, भांडी घासायची जागा, टाकीचा चौथरा. तिथं खुशाल वापरा.

मातीचा गिलावा कसा करतात? घरात आता कोणाला आठवत नाही.

पांढरी किंवा पिवळसर माती घ्या. शेतातली काळी माती कधीच नाही; ती पाण्यानं फुगते आणि सुकली की भेगाळते. मातीत रेती, शेण आणि गव्हाचा भुसा घाला. भंडारा-गोंदियाकडे धानाचं बारीक कापलेलं तणस घालतात. पाणी सोडून आठ-दहा दिवस कुजू द्या आणि रोज पायानं तुडवा. आंबूस वास येऊ लागला आणि गारा हाताला चिकट लागला की तयार झाला.

रेती किती घालायची हे प्रत्येक गावच्या मातीवर ठरतं, त्यामुळे पुस्तकी प्रमाणावर विसंबू नका. रेती कमी, मध्यम, जास्त असे तळहाताएवढे तीन ठिगळ भिंतीवर लावा आणि चार दिवस थांबा. जो तडकला त्यात रेती कमी, ज्याची बोटानं भुकटी निघाली त्यात रेती जास्त. लावायच्या आधी भिंत ओली करा आणि एका वेळी बोटाच्या जाडीपेक्षा मोठा थर देऊ नका.

भिंतीला तिरपे तडे आहेत. उन्हाळ्यात रुंदावतात, पावसाळ्यात मिटतात. घर पडेल का?

उन्हाळ्या-पावसाळ्यागणिक उघडझाप होणारे तडे हे काळ्या मातीचं काम आहे. पायाखालची माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि सगळीकडे सारखी फुगत नाही. तेव्हा भिंतीत सिमेंट भरून उपयोग नाही, शेजारी नवीन तडा जाईल. पायाजवळच्या मातीची ओल वर्षभर जमेल तितकी एकसारखी ठेवणं हाच उपाय. घराच्या चहूबाजूंनी तीन फुटांचा मुरूम-फरशीचा पट्टा करा, उतार बाहेरच्या दिशेनं. पागोळीचं पाणी त्या पट्ट्याच्या पलीकडे पडलं पाहिजे. भिंतीला लागून फुलझाडं, नळाची गळती, कूलरचं ठिबकणारं पाणी, यातलं काही नको. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप आजच काढा.

तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा आणि वर्षभर बघा. खूण ओलांडून तडा पुढे गेला, भिंत पोट काढू लागली, किंवा मयालाचं टोक भिंतीतून सरकलेलं दिसलं, तर ती खोली रिकामी करा आणि इंजिनिअरला बोलवा. तिथं घरगुती उपाय करत बसू नका.

वानरं कवेलू ठेवत नाहीत. टिनाच टाकाव्या ना?

विदर्भातल्या गावांतून कवेलू गेले त्याला गरिबी-श्रीमंतीपेक्षा वानरं जास्त जबाबदार आहेत. दरवर्षी फेरणी करायची आणि टोळीनं एका दुपारी विस्कटून टाकायची, याला माणूस कंटाळतो, त्यात नवल नाही. कुंभारही आता देशी कवेलू क्वचितच पाडतात. वानर कायद्यानं संरक्षित आहे, त्याला इजा करून सुटका नाही. पण नुसत्या टिनाखाली मे महिन्याची दुपार काढणं म्हणजे भट्टीत बसणं, आणि पावसात शेजारच्या माणसाशी बोलणंसुद्धा अवघड.

मला सर्वांत पटलेला मार्ग म्हणजे दोन्ही ठेवणं. वाशांवर आधी टिना, त्यावर पट्ट्या, आणि पट्ट्यांवर जुनेच कवेलू. वानरानं चार कवेलू सरकवले तरी घर गळत नाही, आणि ऊन टिनावर थेट पडत नसल्यामुळे खाली फरक जाणवतो. वाशांना दोन्हींचं वजन झेपेल का, हे सुतारानं एकेक वासा ठोकून सांगितलं पाहिजे. टोकाला कुजलेले वासे आधी बदला.

नुसत्या टिनाच परवडत असतील तर वरून चुन्याचा दाट हात द्या आणि खाली हातभर पोकळी सोडून बांबूचे तट्टे बांधा. टिना आकड्यांनी आणि बोल्टनी घट्ट धरा. वर दगड ठेवायची सवय सोडा. वावधनात टिन उडालं की ते दगडही उडतात.

कवेलू निवडताना एकावर एक वाजवा. खणखणीत वाजला तो ठेवा, भद्द वाजला तो अंगणाच्या भरावात जाऊ द्या. गावात कोणाचं घर पाडत असतील तर त्यांचे चांगले कवेलू मागून आणा आणि गोठ्यामागे रचून ठेवा. घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कापू-फोडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. काढायचेच असतील तर ओले करून अख्खेच्या अख्खे उतरवा.

आमच्याकडे, बुलढाण्याकडे, धाब्याचं घर आहे. दरवर्षी पांढरी माती टाकतो. चालेल?

टाकण्याआधी जुनी काढा. दहा बाय बाराच्या खोलीवर एक इंच मातीचा थर कोरडा असतानाच साडेचारशे किलोच्या आसपास भरतो, भिजला की आणखी जड. आजोबांपासून नुसती भरच पडत असेल तर खालच्या मयालावर किती टन वजन आहे याचा हिशेब करा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या सैल भिंती आणि अशी जाड मातीची छपरं झोपलेल्या माणसांवर आली. त्या भागात आणि आपल्या पश्चिम विदर्भात घर बांधायची रीत फार वेगळी नाही. थर उतरवला की खालचं लाकूड उजेडात बघायला मिळतं, पन्हाळीकडचा उतारही तेव्हाच दुरुस्त करून घ्या.

सारवण बंद करून टाइल्स बसवायच्या आहेत. सासूबाई नको म्हणतात.

सारवतं कोण, ते आधी बघा. शेणामातीची जमीन उन्हाळ्यात थंड असते, पायाला मऊ असते, यात शंका नाही. पण दर आठवड्याला गुडघ्यावर बसून ती सारवणाऱ्या बाईच्या कंबरेचा विचार न करता जमिनीचं कौतुक करू नये. जिला सारवायचं आहे तिचा शब्द शेवटचा.

मात्र चकचकीत टाइल्स मातीच्या घरात बसवू नका. खालची ओल त्यांच्यातून निघत नाही, ती कडेनं भिंतीत चढते. शिवाय ओल्या पायानं म्हातारी माणसं घसरतात. मुरूम दाबून, वर रेती पसरून, शहाबादी फरशी चुन्याच्या सांध्यात बसवली की ओलही निघते आणि पुसणंही सोपं होतं. सासूबाईंसाठी देवघरापुढची जागा सारवणाचीच राहू द्या.

जमिनीची पातळी वाढवताना खांबाच्या उथळ्यावर डोळा ठेवा. उथळ्याचा दगड उघडा दिसलाच पाहिजे. तो फरशीखाली गाडला गेला की सागाचा पाय ओलीत उभा राहतो आणि कितीही जुना साग असला तरी कुजतो.

गॅस आल्यापासून वाशांतून पिवळी भुकटी पडते.

घुण लागलाय. चुलीचा धूर लाकडाला आणि बांबूला सतत लागायचा, त्यामुळे किडे राहत नव्हते. बायकांच्या छातीतला धूर गेला हे फार चांगलं झालं, पण लाकडाची राखण आता आपल्याला करावी लागेल. पोखरलेला बांबू बदला. नवीन बांबू पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला घ्या आणि बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवून घ्या. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, बांबूवरच्या प्रक्रियेबद्दल तिथं विचारता येईल.

सागाच्या खांबांना, कवाडांना जवसाचं तेल द्या. थोडं टर्पेंटाइन मिसळून पातळ हात मारायचा, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून काढायचं, दोन दिवसांनी दुसरा हात. ज्या फडक्यानं तेल पुसलं ते बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं सुकताना तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

दारांवर ऑइल पेंटचे थरावर थर आहेत. घासून साग उघडा करता येईल का?

येईल, आणि करावाच. फक्त कोरडं घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात ते दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. त्याआधीचा रंग संशयितच धरा. पाणी मारत ओल्या पॉलिश पेपरनं घासा, खाली ताडपत्री टाका, घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर दार उतरवून गोठ्यात काम करा.

वायरिंग भिंतीत घेता येईल?

मातीच्या भिंतीत खाचा पाडू नका. वरून पट्टी-केसिंग करा, वाशांवरून जाणारी वायर नळीतून घ्या, कारण उंदीर ती कुरतडतात. मेन स्विचजवळ 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग ही दोन कामं रंगाच्या आधी. कूलरचा लोखंडी सांगाडा, ओले पाय आणि उघडी वायर यांनी आपल्याकडे उन्हाळ्यात माणसं जातात.

आई-बाबांसाठी खोलीला लागून संडास-बाथरूम हवं आहे.

हवंच. रात्री अंधारात परसात जाऊन पडण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. पण मातीच्या खोलीत कोपरा काढून करू नका. मागच्या भिंतीबाहेर हातभर अंतर सोडून स्वतंत्र विटांची न्हाणी बांधा, स्वतःच्या पायावर, आणि मधली जागा छपरानं झाका. खोलीतून तिकडे सरळ, बिनपायरीचा रस्ता, भिंतीला धरायला दांडा. काळ्या मातीत शोषखड्डा करत असाल तर बांधलेल्या कड्याच्या बाहेरून चहूबाजूंनी फूटभर रेती-गिट्टी भरा. काळी माती पाणी फार हळू पिते.

खोल्या अंधाऱ्या आहेत. मोठी खिडकी पाडू?

विचार करून. दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीत मोठं भोक पाडलं की वरचा भार कुठे जाणार? आधी छपरातून उजेड घ्या: उत्तरेच्या उतारावर एक-दोन काचेची कौलं, किंवा देशी कवेलूत पारदर्शक फायबरचा तुकडा. आतून चुना आणि चिमूटभर नीळ. बहुतेक खोल्यांना एवढं पुरतं.

रंग कोणते द्यावे?

मातीच्या भिंतीला चुना, छुई (पांढरी माती), गेरू. प्लास्टिक इमल्शन नको, कारण सिमेंटसारखंच ते भिंतीची हवा कोंडतं. चुन्याचे पातळ तीन-चार हात, प्रत्येक वेळी भिंत ओली करून. खालचा दीड फूट गेरूचा पट्टा ठेवा. पावसाचे शिंतोडे, मुलांचे हात, पाठ टेकल्याचे डाग सगळं त्यात झाकलं जातं. जुन्या घरांत गेरूच्या पट्ट्यावर पांढरी रेघ असायची, ती जरूर ओढा.

सजावट काय करावी? शहरातल्या हॉटेलसारखं "गावठी" नको.

मग घरात आहे तेच मांडा. कोनाडे बुजवू नका, पुसून घ्या. एकात दिवा, एकात पुस्तकं. बंगई (झोपाळा) परत टांगा, पण कड्या नव्या आणि मयाल तपासून. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल माळ्यावर धूळ खात असेल तर त्याला बैठकीत आणा. पितळेचे गुंड आणि गंज कल्हई-चिंच करून दिसतील असे ठेवा. विकत घ्यायचंच असेल तर भद्रावतीची मातीची भांडी, गडचिरोलीचं बांबूकाम, भंडाऱ्याचं पितळ. आपल्याच मुलखातल्या वस्तू आपल्या भिंतींपुढे उसन्या वाटत नाहीत.

फोटोसाठी खिळे ठोकू नका, माती ढासळते. भिंतीच्या वरच्या कडेला सागाची आडवी पट्टी वाशांना बांधा आणि फोटो तिच्यावरून दोरीनं सोडा. सेवाग्रामच्या बापू कुटीत मीराबेननी भिंतीवर मातीतच उठावाची झाडं काढलेली आहेत. ओल्या गिलाव्यात तसं काम घरच्या मुलींना करू द्या, वेगळं काही विकत आणावं लागत नाही.

घरकुल मंजूर झालं. जुनं घर पाडू?

आवारात जागा असेल तर पाडू नका. घरकुल किमान 25 चौरस मीटरचं असतं आणि सपाट भागात केंद्राच्या योजनेचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये. त्यात राहायचं घर होतं, धान्य, कापूस, पाहुणे, सण यांना जागा उरत नाही. घरकुल परसात बांधून जुनं घर राखलेली कुटुंबं उन्हाळ्यात दुपारी जुन्याच घरात निजतात. जागाच नसेल किंवा भिंती धोकादायक झाल्या असतील तर मात्र मोह करू नका. सागाच्या चौकटी, कवाडं, खांब उतरवून नव्या घरात बसवा. भंगाराच्या भावात व्यापाऱ्याला देऊ नका. लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर आधी वनविभागात वाहतूक परवान्याचं विचारा.

कागदपत्रं काय बघायची?

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर (घरपट्टीच्या नोंदवहीत) घर कोणाच्या नावानं आहे ते. आजोबांच्या नावानं असेल तर वारसांची नोंद आधी, खर्च नंतर. वाढीव किंवा नव्या बांधकामाला ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 प्रमाणे परवानगी लागते. एकाच भावानं पैसा लावला तर त्याचं काय, हे सगळ्यांच्या सह्यांनी लिहून ठेवा, प्रेम आहे तोवरच.

मातीकाम येणारा मिस्त्री कुठे मिळेल?

गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. हात चालत नसले तरी डोळा चालतो. त्यांना खुर्ची टाकून बसवा, चहा द्या, रोजी द्या, आणि तरुण मिस्त्रीला त्यांच्या देखरेखीखाली काम करू द्या. वर्ध्याजवळ दत्तपूरचं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र 1976 पासून मातीच्या बांधकामावर काम करतं, तिथंही जाऊन बघण्यासारखं आहे. ठेका देऊ नका, रोजीनं काम घ्या. ठेक्यात गारा कुजायला आठ दिवस कोणी थांबत नाही.

आम्ही पुण्यात असतो, घर वर्षभर बंद राहतं. तरी टिकेल?

बंद घर लवकर खचतं. कोणीतरी पंधरा दिवसांतून एकदा दारं-खिडक्या उघडली पाहिजेत, उधईचे माग पुसले पाहिजेत, पावसानंतर छताखाली डाग बघितले पाहिजेत. हे शेजाऱ्याच्या उपकारावर ठेवू नका, महिन्याचे ठरलेले पैसे द्या. खिडक्यांना आतून बारीक जाळी लावा म्हणजे विंचू-काटा, साप येणार नाहीत आणि हवा खेळती राहील. गाद्या आणि धान्य मागे ठेवू नका, उंदीर त्यासाठीच येतात. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. निघताना मेन स्विच बंद, टाकी रिकामी, आणि फेरणीचे पैसे एप्रिलमध्येच पाठवून द्या.